एकनळी बारा बोर: जादा धक्का, ढिला दस्ता आणि दर उन्हाळ्यात येणारी तीच तक्रार

ही पोस्ट पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, मोडून भरायच्या एकनळी बारा बोर बंदुकीसाठी आहे. ठासणीच्या बंदुकीला यातलं लाकडाचं सगळं लागू पडतं, काडतुसाचं नाही.

लक्षणं

खालचं काय काय दिसतंय ते आधी नीट पाहा. धक्का "जास्त लागतो" एवढ्यावरून काही कळत नाही, कुठे लागतो त्यावरून कळतं.

- दंडावर, काखेच्या बाहेरच्या बाजूला निळं पडतं: बंदूक खांद्याच्या खोबणीत बसत नाही, हातावर बसते आहे. बहुतेक वेळा दस्ता (बॉडीच्या मागचं, खांद्याला लावायचं लाकूड) लांब पडतो किंवा अंगावर जाड कपडे असतात.
- चापाच्या कडीचा मागचा भाग मधल्या बोटाच्या पेराला ठेचतो: दस्ता आखूड आहे, किंवा मूठ सैल धरली जाते.
- गालाच्या हाडावर फटका बसतो: दस्त्याची वरची कड मागे फार उतरती आहे, किंवा गाल लाकडाला टेकलेला नसतो.
- नळी एका हातात धरून दस्ता हलकेच पिळला की लाकूड आणि लोखंडाच्या सांध्यात 'टक' आवाज येतो किंवा अंगठ्याला हालचाल जाणवते.
- बॉडीतून (चाप-घोडा बसवलेला मधला लोखंडी भाग) मागे लाकडावर आलेल्या लोखंडी पट्टीच्या (दुकानदार तिला टँग म्हणतात) टोकापासून केसाएवढी रेघ मागे निघाली आहे.
- सांध्याजवळचं लाकूड काळपट, तेलकट, नखाने दबणारं झालं आहे.
- स्क्रू दरवर्षी आवळावा लागतो आणि दरवर्षी आधीपेक्षा जास्त फिरतो.

शेवटची तीन लक्षणं असतील तर बंदूक तपासून होईपर्यंत चालवू नका. बाकीच्यांत घाई नाही.

हात लावण्याआधी

बंदूक बिजागरीवर मोडून उघडा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ते डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळी सोडवून उजेडाकडे धरा आणि आतून आरपार पाहा. घरात भिंतीला टांगलेल्या किंवा गोठ्याच्या आढ्याला ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं. एवढीशी माती नळी फुगवायला किंवा फाडायला पुरते. धक्का अचानक एकाच बाराला वाढला असेल तर पहिला संशय अडथळ्याचा घ्यायचा. नळी आतून पाहताना एखाद्या जागी काळसर कडं दिसलं, किंवा बाहेरून बोट फिरवताना फुगवटा लागला, तर इथेच थांबा. ती नळी संपली. ठोकून, घासून ती सरळ होत नसते.

रिकाम्या चेंबरवर चाप ओढून पाहू नका. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग दोन्हीला ते वाईट.

१. काडतूस. खर्च शून्य

धक्का कशाने वाढतो याबद्दल गावोगावी एक समज आहे की एलजी (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) "जास्त मारते" आणि चार नंबर "मऊ" असतो. नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार. धक्का ठरतो तो छर्ऱ्यांच्या एकूण वजनावर, वेगावर आणि बंदुकीच्या वजनावर. म्हणून डब्यावरचे ग्रॅम वाचा.

अंदाज यावा म्हणून हिशेब देतो. २.७ किलोची एकनळी, ३२ ग्रॅम छर्रे, सेकंदाला सुमारे ३७० मीटर वेग: बंदूक साधारण ३४ ज्यूल ऊर्जेने मागे येते. त्याच बंदुकीत २८ ग्रॅमचं काडतूस घातलं तर सुमारे २७ ज्यूल, ३६ ग्रॅमचं घातलं तर ४२. म्हणजे आठ ग्रॅम शिशाने धक्का दीडपट होतो. तुलनेला सांगायचं तर ३.६ किलोची थर्टी-ओ-सिक्स शिकारी रायफलसुद्धा साधारण २७ ज्यूलच्या आसपास असते. आपली साधी हलकी एकनळी तिच्यापेक्षा जोरात मारते, हे खरं आहे. खांदा दुखतो म्हणून कुणी लाजण्याचं कारण नाही. एकबारी रायफल असो की एकनळी, धक्क्याचा थोडा भाग खाणारी स्प्रिंग किंवा गॅसची यंत्रणा तिच्यात नसते. सगळा धक्का लाकडातून थेट खांद्यात येतो, आणि वाटेत ते लाकूडही तो सोसतं.

दुसरी गोष्ट चेंबरची लांबी. नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला १२-७० किंवा पावणेतीन इंच, नाहीतर १२-६५ किंवा अडीच इंच असा छाप असतो. आजची बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची आहेत. ही लांबी उडवलेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेलं काडतूस दुमडल्यामुळे आखूड असतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं. फसगत होते ती इथेच. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात घुसतं, दाब वाढतो, धक्काही वाढतो. जुन्या, आजोबांच्या नावावरून वारसाने आलेल्या बंदुकीत हे आवर्जून तपासा. छाप पुसट असेल तर परवानाधारक दुकानात चेंबर मोजून मिळतं.

उडालेलं काडतूस टाकून देऊ नका, त्याचं बूड पाहा. मधली टोपी बुडाच्या पातळीबाहेर आली आहे, टोपीला भोक पडलं आहे, किंवा पितळी कडा एका बाजूने फुगली आहे: यातलं काहीही दिसलं की काम लाकडाचं राहिलं नाही. बंदूक बंद ठेवा, दुकानात न्या.

काडतुसं टिनाच्या पत्र्याखाली, लोखंडी पेटीत ठेवू नका. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तिथे हात लावता येत नाही इतकी ऊब असते, आणि तापलेली दारू जास्त दाब देते. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, कुलपात, हा उत्तम उपाय.

२. धरण्याची तऱ्हा आणि मचाण. खर्च शून्य

मचाणावर खांबाला पाठ टेकून बार काढला की अंगाला मागे सरकायला जागा नसते. उभ्या माणसाचा खांदा धक्क्याबरोबर तीन-चार बोटं मागे जातो, धक्का लांबवर पसरतो. पाठ टेकली की तोच धक्का एका झटक्यात संपतो. खांदा तर दुखतोच, दस्त्याची मूठही त्याच बाराला तडकू शकते. आणि बट (दस्त्याचं खांद्याला लागणारं टोक) झाडाला, भिंतीला, बैलगाडीच्या खुंट्याला टेकवून बार काढायचा नाही, कधीच नाही. मुठीत मोडलेल्या दस्त्यांमागे हेच कारण फार वेळा असतं.

कपड्यांचा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. जानेवारीत हरभऱ्याच्या जागलीला अंगावर स्वेटर आणि वरून घोंगडं असतं. दोन-अडीच सेंटीमीटर गादीच ती. तीच बंदूक मे महिन्यात पातळ सदऱ्यावर धरली की दस्ता तेवढा आखूड पडतो आणि गादीही गेलेली असते. "उन्हाळ्यात बंदूक जास्त मारते" ही तक्रार निम्मी इथेच सुटते.

रिकाम्या बंदुकीने तपासा. बट खांद्याच्या खोबणीत, गळपट्टीच्या हाडाखाली, घट्ट. गाल लाकडाला टेकलेला. आता चाप धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यात दोन ते तीन बोटांचं अंतर हवं. कमी असेल तर दस्ता आखूड.

३. रबर पॅड. थोडा खर्च

जुना लाल किंवा काळा पॅड अंगठ्याच्या नखाने दाबा. नख रुतून खळगा लगेच भरून आला तर पॅड जिवंत आहे. दगडासारखा लागला किंवा नखाखाली भुगा निघाला तर त्याचं काम संपलं. विदर्भाच्या उन्हात रबर फार टिकत नाही. कित्येक एकनळींना तर पॅड नसतोच, नुसती प्लॅस्टिकची चकती असते.

मोज्यासारखा चढवायचा पॅड मिळतो. तो दोन ते अडीच सेंटीमीटर लांबी वाढवतो, म्हणून दस्ता आधीच लांब पडत असेल तर घेऊ नका. चापापासून बटच्या मध्यापर्यंत मोजा: मध्यम उंचीच्या माणसाला साधारण ३५ ते ३६.५ सेंटीमीटर बरं पडतं, ठेंगण्याला ३४ पुरे.

सायकलची ट्यूब गुंडाळण्याचा प्रकार बंद करा. ती घसरते, आणि तिच्याखाली घाम-पाऊस साचून बटचं उघडं लाकूड कुजतं, स्क्रू गंजतात. ट्यूब सोडली की खाली हिरवट-काळा डाग निघतो, तो यामुळे.

४. ढिला दस्ता. वेळ इथे द्या

याआधीच्या तिन्ही तपासण्या दहा मिनिटांच्या. खरी गोम इथे आहे, आणि दरवर्षी तीच का येते ते समजून घेतल्याशिवाय ती थांबणार नाही.

कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतो. सकाळी दांडा घट्ट. चार दिवसांनी वाळला की आधीपेक्षा ढिला. का? लाकूड फुगलं, पण लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नव्हती, म्हणून त्याच्या तंतूंनी स्वतःलाच दाबून घेतलं. वाळल्यावर ते तंतू मूळच्या मापाला येत नाहीत. बंदुकीच्या दस्त्यात हेच घडतं, फक्त चार दिवसांऐवजी वर्षभरात. मे महिन्यात स्क्रू गच्च आवळला, मृग बरसला, लाकूड फुगलं, लोखंडाखाली दबलं. पुढच्या मेमध्ये ते आणखी बारीक झालं, स्क्रू आणखी फिरला. पाच-सहा वर्षांत लोखंडाला लाकूड कुठेच धड टेकत नाही. मग प्रत्येक बाराला बॉडी आधी मोकळी मागे येते आणि मग लाकडावर आदळते. ढकलणं आणि हातोडा मारणं यात जो फरक, तोच इथे. खांद्यालाही तो कळतो.

आता आपल्या बंदुकीची बांधणी कोणती ते पाहा, कारण उपाय वेगळा आहे.

पहिली बांधणी: वर टँग, खाली चापाच्या कडीची पट्टी, आणि दोघांना जोडणारे उभे स्क्रू. हे स्क्रू लाकडाच्या तंतूंना आडवे जातात. लाकूड आकसतं ते याच दिशेने. मुठीची जाडी ४५ मिलिमीटर धरली तर पावसाळ्याच्या ओलीपासून मेच्या कोरडेपणापर्यंत अक्रोडाचं लाकूड तिथे साधारण पाऊण मिलिमीटर हलतं, सागवान त्याहून कमी, बीच त्याहून बरंच जास्त. पाऊण मिलिमीटर म्हणजे स्क्रूचा जवळजवळ एक पूर्ण फेरा. इथे उन्हाळ्यात थोडं आवळणं आणि पहिल्या झडीनंतर पाव फेरा सैल करणं, दोन्ही गरजेचं. सैल करायचं कुणी लक्षात ठेवत नाही.

दुसरी बांधणी: बटच्या आत खोल, पॅडखाली लपलेला एकच लांब बोल्ट. हा तंतूंच्या दिशेने जातो आणि लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. म्हणून बोल्टची बंदूक ढिली झाली तर दोष उन्हाला देऊ नका. एकतर दस्त्याचं पुढचं तोंड दबलं आहे, नाहीतर तेलाने मऊ पडलं आहे.

बोल्ट आवळायला पॅडचे दोन स्क्रू काढावे लागतात. रबरात त्यांची भोकं मिटलेली दिसतात. पेचकसाच्या दांड्याला साबण लावून आत घाला, नाहीतर रबर फाटतं. आत बोल्टचं डोकं खाचेचं असेल तर ८ ते १० मिलिमीटर रुंद पात्याचा, फूटभर लांब पेचकस लागतो. सहा कोनी असेल तर लांब दांड्याचा सॉकेट. पेचकस खाचेत मधोमध बसला आहे याची खात्री करूनच जोर लावा. तो निसटून लाकडाच्या भिंतीला टेकला आणि तसाच फिरवला, तर पाचरीसारखं काम करून चांगला दस्ता आतून फाडतो.

किती आवळायचं? हाताने घट्ट लागला की त्यापुढे पाव फेरा. बस्स. पाव फेऱ्यात सांधा घट्ट झाला नाही तर आणखी जोर हा उपाय नाही. सांध्यावर लाकूड आणि लोखंड ओलांडणारी बारीक पेन्सिलची रेघ मारून ठेवा. महिन्याभराने दोन्ही तुकडे सरळ जुळले तर काम झालं.

आणि कागदाची पाचर, काडेपेटीची काडी, पत्र्याची पट्टी घालून फट भरू नका. ती जिथे असते तिथेच सगळा धक्का एकवटतो आणि तिथूनच तडा निघतो.

५. तेल

नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवलेली बंदूक आणि महिन्याला सढळ हाताने तेल: या दोन सवयी मिळून दस्ता मारतात. नळी-बॉडीतलं तेल खाली उतरतं आणि दस्त्याच्या पुढच्या तोंडात, जिथे तंतूंची टोकं उघडी असतात, तिथे मुरतं. काही वर्षांत ते लाकूड खजुरासारखं काळं आणि मऊ होतं. त्यावर बोल्ट कितीही आवळा, तो रुततच जाणार.

बंदूक आडवी ठेवा, किंवा तेल लावल्यावर एक रात्र नळी खाली करून ठेवा. तेल थेंबांनी मोजा, कापडावर घेऊन पुसा. आधीच मुरलं असेल तर परवानाधारक कारागीर दस्ता उतरवून खडूची पूड आणि अ‍ॅसिटोनचा लेप लावतो. लेप वाळताना तेल ओढून घेतो, पिवळा पडतो, झटकून परत लावायचा. चार-पाच वेळा करावं लागतं. वरवरचं मुरलेलं निघतं. लाकूड नखाने दबत असेल तर ते परत कडक होत नाही.

६. तडा

चार जागा पाहा: टँगच्या मागे, मुठीच्या दोन्ही बाजू, बॉडीला लागून पुढे आलेले लाकडाचे गाल, आणि बटचं खालचं टोक. दिवसाउजेडी, भिंगाने. स्पिरिटने ओलं केलेलं कापड फिरवा. लाकूड लगेच वाळतं, तड्यातली रेघ थोडा वेळ ओली राहून दिसते.

टँगमागचा तडा सगळ्यात जास्त दिसतो, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: टँगचं मागचं टोक लाकडाला टेकलेलं असतं. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर मोकळी जागा हवी. धक्का बॉडीच्या दोन्ही बाजूंच्या रुंद लोखंडी खांद्यांवर यायला हवा, टोकावर नाही. टोक टेकलं की टँग पाचर होते, प्रत्येक बाराला एक घाव. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची पट्टी टँगच्या टोकामागे सरकते का पाहा. नवीन, सुबक दिसणाऱ्या दस्त्यातही ती सरकली नाही तर तडा आज नसला तरी येणार आहे. कारागिराला फक्त तिथलं लाकूड किंचित कोरायचं असतं, पाच मिनिटांचं काम.

तड्यावर फेव्हिकॉल चोपडून दोरी बांधणं व्यर्थ आहे. तेलकट लाकडाला तो धरत नाही आणि वरून भरल्याने आत पोचत नाही. बटच्या टोकाचा छोटा तडा नुसता दिसायला वाईट, धोका नाही. मुठीतला तडा मात्र धोक्याचा. बंदूक उडताना मूठ तुटली तर तुमचा हात आणि चेहरा तिथेच असतो, आणि नळी कुणाकडे फिरेल ते सांगता येत नाही. मुठीत तडा दिसला की एकही बार नाही.

७. लाकूडच बदलायचं असेल तर

अक्रोड: चिवट, वजनाला मध्यम, धक्का सोसण्यात सर्वांत भरवशाचं. बंदुकीला शतकानुशतकं हेच लाकूड का वापरलं गेलं ते हातात घेतल्यावर कळतं. मुंगेर, जम्मूकडच्या चांगल्या बंदुकांना असतं. आपल्याकडे हलकं बघून "साधं" म्हणून लोक बदलतात, ती चूक.

शिसव: अक्रोडापेक्षा जड, कठीण, बेताने हलणारं. जास्तीचं वजन एकनळीत फायद्याचं आहे. बंदूक २.७ किलोची ३ किलो झाली की ३४ ज्यूलचा धक्का ३१ वर येतो. आमच्या मते उष्ण कोरड्या भागातल्या एकनळीला नीट वाळलेलं शिसव अक्रोडाच्या बरोबरीचं आहे.

सागवान: इथे सगळ्यात सहज मिळतं, म्हणून सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच. सागवान ऊन-पावसात हलत नाही, वाळवी लागत नाही, हे खरं. दार-खिडकीला त्याला तोड नाही. पण अचानक बसणाऱ्या झटक्याला ते अक्रोडाएवढं चिवट नाही, तंतू तिरके असतील तर मुठीत फाकतं. शिवाय ते मुळात तेलकट असल्याने तडा गेल्यावर चिकटवणं अवघड, आधी थिनर-अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. सागवानच घ्यायचं तर मुठीतल्या रेघा मुठीच्या दिशेनेच सरळ जात आहेत ते पाहून घ्या. रेघा मुठीतून आडव्या बाहेर पडत असतील तर ती फळी कितीही सुंदर असो, नको.

बाभूळ, धावडा, तिवस: औताला, गाडीला, दांड्याला उत्तम. दस्त्याला लागते पाच-सहा सेंटीमीटर जाड फळी, आणि ती आतपर्यंत वाळायला दोन-तीन वर्षं सावलीत ठेवावी लागते. वरून वाळलेली, आतून ओली फळी कोरून बसवली की पहिल्याच नवतपात लोखंडापासून सुटते. धावडा तर वाळताना स्वतःच फाटतो.

बीच: परदेशी स्वस्त बंदुकांना असतं. मजबूत, पण ओल-कोरड्यात सर्वांत जास्त हलतं. असेल तर टाकू नका, पुढे सांगितलेलं सील मात्र नक्की करा.

पातळ थर चिकटवून केलेलं लॅमिनेटेड लाकूड: हलत नाही, जड आहे, धक्का कमी करतं. मिळालं तर उत्तम.

प्लॅस्टिक किंवा फायबर: ओल-उन्हाचा प्रश्न मिटतो, हे मान्य. पण पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता लाकडापेक्षा बराच हलका असतो, आणि हलकी बंदूक जास्तच मारते. "फायबर लावलं की धक्का कमी होतो" हे उलटं आहे. धक्का कमी होतो तो त्याच्याबरोबर आलेल्या नव्या मऊ पॅडने. तो पॅड लाकडालाही लागतो. शिवाय उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर गाल टेकवून पाहा.

दस्ता चांगला आहे, फक्त बंदूक हलकी आहे, तर बटच्या पोकळीत २०० ते ३०० ग्रॅम शिसं बसवून घेता येतं. बोल्टची वाट मोकळी राहिली पाहिजे आणि शिसं खुळखुळता कामा नये. बंदूक मागे जड होते, त्याची सवय करावी लागते.

सील: नव्या-जुन्या कोणत्याही लाकडाला बाहेरून कितीही पॉलिश असो, ओल शिरते ती दोन उघड्या जागांतून: पॅडखालचं तोंड आणि बॉडीला टेकणारं तोंड. तिथे पातळ केलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निशचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या. घरच्या जवसाचं घाण्यावरचं कच्चं तेल लावू नका. ते आठवडे चिकट राहतं आणि धूळ धरतं. बाहेरून तेलाचीच झाक हवी तर हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल, अगदी पातळ, आणि पंधरा मिनिटांनी कोरडं पुसून. जवस तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

इथे थांबा, दुकानात न्या

नळी बंद असताना, पुढचं लाकूड काढून, नळी आणि बॉडी एकमेकांत हलतात का पाहा. हलत असतील तर बिजागरीची पिन झिजली आहे, बंदूक चालवण्यालायक नाही. मुठीतला तडा, फुगलेली किंवा खळगा पडलेली नळी, बाहेर येणारी टोपी, आपोआप पडणारा घोडा, हलका झालेला चाप: यातल्या कशालाही घरी हात लावायचा नाही. घोड्या-चापाचं आतलं काम तर उघडूनही पाहू नका.

गावातल्या सुताराचा हात कितीही चांगला असो, त्याच्याकडे बंदूक किंवा सुटा दस्ता देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात आणि दुरुस्तीच्या कामाला कलम ५ खाली परवाना लागतो. तुम्ही आणि सुतार दोघेही अडचणीत याल. नळी आखूड करून "हलकी" करून घेणं परवान्याशिवाय कलम ६ खाली गुन्हा आहे, आणि त्याने धक्का वाढतोच.

दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर परवान्यावरचं क्षेत्र आधी वाचा. मूळ परवाना सोबत, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये. देताना क्रमांकासह पावती घ्या. दुरुस्त झालेली बंदूक "चालवून बघू" म्हणून वावरात बार काढू नका, ती चाचणी दुकानदाराकडेच मागा. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वन विभागाची लेखी परवानगी नसेल तर मारणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

कारागिराला "धक्का लागतो" एवढंच सांगू नका. काडतुसाचे ग्रॅम, कुठे निळं पडतं, स्क्रू गेल्या वर्षी किती फिरला, पेन्सिलची रेघ किती सरकली, हे सांगा. आणि परत घेताना पॅड काढलेला असतानाच बटचं तोंड पाहून घ्या, सील केलंय की नाही ते.